सहा महिन्यांचा कोर्स

माझ्या नवऱ्याचं नाव पुरुषोत्तम. तेहेतीस वर्षं मी त्यांना नुसतं ‘अहो’ म्हणत आले आणि चारचौघांत नाव घ्यायची वेळ आली की लाजत आले. आता लिहिताना नाव घेते. लाजेनं आमचं जे वाटोळं करायचं होतं ते करून झालेलं आहे.

सुरुवात झाली माझ्या घामापासून. २००३ सालचा ऑगस्ट, मी चौपन्न वर्षांची. पाळी गेल्यापासून चार वर्षं एचआरटीच्या, म्हणजे हार्मोनच्या, गोळ्या घेत होते आणि माणसात होते. मग पेपरांत मोठमोठ्या मथळ्यांनी आलं की या गोळ्यांनी बायकांना छातीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आमच्या डॉक्टरनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, “वहिनी, हळूहळू बंद करू या.” गोळ्या सुटल्या आणि माझी झोप गेली, डोकं गेलं, स्वभाव तर आधीच यथातथा होता. इंग्लंडात, लेस्टरच्या नोव्हेंबरात मी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून घाम पुसत उभी असायची आणि पुरुषोत्तम आत मफलर गुंडाळून बसायचे. “हिटिंग घराला लावलंय की तुला?” असं विचारायचे. मी लाटणं दाखवायची.

ही डॉक्टर म्हणजे अनुराधा. नागपूरची. एकोणऐंशी साली इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आली तेव्हा आमच्याच रस्त्यावर खोली घेऊन राहायची. तिला भाऊ नाही. त्या वर्षी दिवाळीत एकटीच बसलेली दिसली म्हणून मी तिला घरी ओढून आणलं, आणि तिनं पुरुषोत्तमांना ओवाळलं. तेव्हापासून एक भाऊबीज चुकली नाही. त्यांना ती ‘दादा’ म्हणते, मला ‘वहिनी’. पुढे तिनं जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, म्हणून स्वतःचा दवाखाना सुरू केला तेव्हा आम्ही दोघांनी पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे नाव नोंदवलं. आपलंच माणूस डॉक्टर, दुखणं मराठीत सांगता येतं, आणखी काय पाहिजे, असं मी इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ऐकवत फिरायची. किती मिरवलंय मी त्यावर!

मंडळात मीनल होती. ती काम करायची तो होजिअरीचा कारखाना बंद पडला आणि घरी बसल्या बसल्या तिनं पूरक औषधांची एजन्सी घेतली. दिवाळीनंतर तिनं आम्हा दहा-बारा बायकांना चहाला बोलावलं आणि भिंतीवर तक्ता लावून व्याख्यान दिलं. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन, ते कमी झालं की बायकांची काय दशा होते, वगैरे. “आणि हे बायकांतच असतं असं नाही हं,” ती म्हणाली, “पुरुषांत पण असतं. वय झालं, पोट सुटलं की त्यांचं वाढतं. आपलं कमी होतं, त्यांचं जास्त होतं. बॅलन्स पाहिजे, बॅलन्स.” कॅप्सूलच्या खोक्यावर समुद्रकिनाऱ्यावर हसणारं एक पिकल्या केसांचं जोडपं होतं. आत सोयाबीन, जवस, ब्रोकोलीचा अर्क आणि लाल क्लोव्हर म्हणून इथलं एक गवत. सोयाबीन, जवस म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलंच की, मी म्हटलं. जवसाच्या चटणीनं कधी कुणाचं वाईट झालंय?

मला गुण आला. कॅप्सूलनं आला की आपोआप आला, देव जाणे. पण जानेवारीत मी खिडकी बंद करून पोळ्या लाटत होते, आणि ज्यानं गुण येतो त्यावर माणसाचा विश्वास बसतो. अनुराधाला मात्र मी काही बोलले नाही. तिनं गोळ्या बंद केल्या आणि मी मीनलच्या सुरू केल्या, हे तिला लागलं असतं.

फेब्रुवारीत एका रविवारी मी टॉवेल ठेवायला बाथरूममध्ये गेले तर पुरुषोत्तम आरशासमोर उघडे उभे, डाव्या छातीवर बोट दाबून. मला बघताच त्यांनी टॉवेल ओढून घेतला. तेहेतीस वर्षं संसार झालेला माणूस!

“काय झालंय? बघू.”

“काही नाही. काहीतरी चावलं असेल.”

“फेब्रुवारीत? या देशात? बघू म्हटलं ना.”

बोंडाखाली गाठ होती. हरभऱ्याएवढी, कडक. दुखत नव्हती. दुखली असती तर बरं झालं असतं. दुखण्याला आम्ही भीक घालतो, न दुखणाऱ्याला नाही.

“उद्या अनुराधाकडे जाऊ,” मी म्हटलं.

“वेड लागलंय का तुला?” त्यांचा आवाज चढला, आणि तो एरवी चढत नाही. “अनुराधासमोर बनियन काढून बसू? ती मला ओवाळते. आणि सांगू काय? छातीत गाठ आहे म्हणून? बायकांसारखी?”

“डॉक्टर आहे ती. रोज दहा जणांना बघते.”

“त्या दहा जणांना ती दादा म्हणत नाही.”

मग मी म्हटलं की दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, दोन रस्ते पलीकडे एक दवाखाना आहे. पण इथे डॉक्टर बदलायचा म्हणजे जुन्याकडून नाव काढून नव्याकडे घालायचं, सगळे कागद तिकडे जाणार. अनुराधाला आठवड्यात कळलं असतं. तिला काय वाटेल? पंचवीस वर्षांची बहीण, आणि तिला सोडून परक्याकडे गेलात? आम्ही दोघंही त्या रविवारी दुपारभर हेच बोलत बसलो. अनुराधाला काय वाटेल. गाठ काय आहे हे कुणी बोललंच नाही.

संध्याकाळी मी मीनलला फोन केला. आमच्या ओळखीतल्या एकांचं आहे, असं म्हणून विचारलं.

“होतं गं पुरुषांना,” ती म्हणाली. “इस्ट्रोजेन वाढलं की छाती भरते, गाठ होते. आपल्या कॅप्सूल दोघांनाही चालतात. सहा महिन्यांचा कोर्स घ्यायचा. पण त्यांना आधी डॉक्टरला दाखवायला सांग हं, सुलक्षणा. खोक्यावरच लिहिलंय तसं.”

हे वाक्य ती बोलली होती. पुढे मंडळातल्या बायकांनी तिला नावं ठेवली, तिच्या घरी जाणं सोडलं, आणि मी गप्प बसले. म्हणून इथे लिहून ठेवते. मीनलनं सांगितलं होतं. मी पहिलं अर्धं ऐकलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुधाबरोबर एक, रात्री जेवणानंतर एक. ज्या माणसानं आयुष्यात कधी क्रोसिन घेतली नाही तो मुकाट्यानं घेऊ लागला. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. आजाराला नाव मिळालं होतं, औषध मिळालं होतं, आणि कुणाला शर्ट काढून दाखवायचं नव्हतं.

दर रविवारी अंघोळीनंतर ते पलंगावर आडवे व्हायचे आणि मी बोटांनी चाचपून बघायची.

“कमी वाटतेय?”

“वाटतेय जराशी.”

मार्चमध्ये ती हरभऱ्याएवढी नव्हती. मे महिन्यात सुपारी म्हणावी एवढी झाली होती. माझ्या बोटांना कळत होतं. बोटं तेहेतीस वर्षं कणकेचा गोळा न मोजता बरोबर घेतात, त्यांना काय एवढं कळणार नाही? तरी तोंडानं मी दर रविवारी “जराशी कमी” म्हणत राहिले. त्यांना धीर द्यायला म्हणत होते की मला स्वतःला, ते आता वेगळं काढता येत नाही.

एप्रिलमध्ये ते ब्लड प्रेशरच्या तपासणीला अनुराधाकडे गेले. जाताना बनियन, त्यावर जाड शर्ट, त्यावर स्वेटर. तिनं बाही वर करून प्रेशर घेतलं आणि म्हणाली, “दादा, छाती पण बघू जरा.” हे म्हणाले, “खोकला नाही, कफ नाही, उगाच काय बघतेस? बाहेर लोक ताटकळलेत.” ती हसली आणि जाऊ दिलं. घरी येऊन त्यांनी हे मला मोठ्या फुशारकीनं सांगितलं आणि मीही हसले.

जुलैत बोंड आत ओढलं गेलं. तिथली कातडी आक्रसली, संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली. त्या दिवशी मी “जराशी कमी” म्हटलं नाही. मी म्हटलं, “अहो, आता जाऊ या.”

“ऑगस्टमध्ये कोर्स संपतो. एवढे महिने घेतलंय, पुरं होऊ दे.”

ऑगस्ट संपला. मग म्हणाले, गणपती होऊ देत.

आमच्या मंडळाच्या गणपतीला भटजी नसतो. पुरुषोत्तम मशीन टूल्सच्या कारखान्यात आयुष्यभर ड्रॉइंगं काढलेला माणूस, पण लहानपणी सांगलीला वडिलांकडून पूजा शिकलेला. एकवीस वर्षं प्राणप्रतिष्ठा तेच करत आले. सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन, शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या थंडगार हॉलमध्ये. यंदा त्यांनी कमिटीला सांगून बघितलं की कुडता घालून बसतो, वय झालं, गारठा सोसत नाही. कमिटीनं हसण्यावारी नेलं. “काका, तुम्हीच कुडता घातला तर आम्ही काय सूट घालायचा?” नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांचं उपरणं डाव्या खांद्यावरून घट्ट ओढून घेतलं आणि चार सेफ्टी पिना लावल्या. आत एक मऊ रुमाल ठेवला, कारण आदल्या आठवड्यापासून थोडं रक्त येत होतं.

हे मी केलं. नवऱ्याच्या छातीतून रक्त येतंय आणि मी पिना लावत होते.

पूजा पार पडली. आरतीला ते उभे राहिले, निरांजनाचं ताम्हन दोन्ही हातांनी वर केलं, आणि दोन पिना सुटल्या. उपरणं घसरलं, रुमाल खाली पडला. दीडशे माणसं टाळ्या वाजवत आरती म्हणत होती, कुणाचं लक्ष गेलं नाही. एकीचं गेलं. त्यांच्या डाव्या बाजूला प्रसादाचं ताट धरून अनुराधा उभी होती.

तिनं आरती पुरी होऊ दिली. ताट खाली ठेवलं, रुमाल उचलला, उपरणं त्यांच्या खांद्यावर सारखं केलं, आणि माझा दंड धरून मला हॉलच्या किचनमध्ये नेलं. माझ्या दंडावर तिची बोटं उमटली होती.

“किती दिवसांपासून आहे हे?”

मी तोंड उघडलं. पण पाठोपाठ पुरुषोत्तम आले होते, ते म्हणाले, “तीन आठवडे. हिला पण कालच सांगितलं.” मला वाचवायला बोलले. आयुष्यात त्यांनी माझ्यासाठी बोललेलं ते सगळ्यात मोठं खोटं, आणि मी ते घेतलं.

अनुराधानं सोमवारी सकाळी फोन केले आणि आठ दिवसांत आम्ही हॉस्पिटलच्या छातीच्या गाठींच्या क्लिनिकमध्ये बसलो होतो. गुलाबी खुर्च्या, सगळ्या बायका. रिसेप्शनवरच्या मुलीनं फॉर्म माझ्या हातात दिला. पेशंट हे आहेत, असं मला तिला दोनदा सांगावं लागलं. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती. पुरुषोत्तमांनी तिथे व्यवस्थित, ड्रॉइंगवर लिहितात तशा अक्षरांत, ‘लागू नाही’ असं इंग्रजीत लिहिलं. नर्सनं विचारलं, “काही सप्लिमेंट्स घेता? हर्बल वगैरे?” मी त्यांच्याकडे बघितलं. “नो. नथिंग,” ते म्हणाले.

कॅन्सरच होता. पुरुषांनाही होतो, क्वचित होतो, पण होतो. आणि तो इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा निघाला. बर्मिंगहॅमहून आमची मुलगी ऋजुता धावत आली. इथेच जन्मलेली, रागावली की तिचं मराठी आणखीच मोडतं. “आई, तू मला एक फोन केली असती! पुरुषाला पण होते ते, पाच मिनिट गूगल केला असता तर कळला असता!” तिलाही आम्ही तीन आठवडेच सांगितले होते. ती तीन आठवड्यांवर एवढी चिडली होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट झाली, काखेतल्या गाठी काढल्या, हात खांद्याच्या वर जाईना. आता त्यांना रोज एक गोळी होती, शरीरातलं इस्ट्रोजेन कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशींपर्यंत पोचू न देणारी. हीच गोळी बायकांना देतात. सकाळी दुधाबरोबर घ्यायचे. तोच पेला, तीच वेळ, बशीत फक्त गोळी वेगळी. मला ते बघवत नसे.

मग पाठ दुखायला लागली. स्कॅन काढला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सर्जननं आम्हाला बसवून सांगितलं की कण्यात दोन ठिकाणी पसरलंय. बरं होणार नाही, पण काही वर्षं काढता येतील. काही म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही.

मी पर्समधून ते खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. पुरुषोत्तम माझा हात ओढत होते. माझं इंग्रजी रडताना नीट चालत नाही, पण सगळं सांगितलं. फेब्रुवारी, हरभरा, रोज दोन कॅप्सूल. “यानं वाढलं का?” मी विचारलं.

त्यानं चष्मा वर करून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. शांत माणूस होता. म्हणाला, यानं वाढलं की नाही हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. पण यानं ते जाणार नव्हतं. तुमचे सात महिने गेले ते महत्त्वाचं.

गाडीत पुरुषोत्तम म्हणाले, “झालं समाधान? आता अनुराधाला सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

मी ती शपथ सहा दिवस पाळली.

भाऊबीजेला संध्याकाळी अनुराधा आली. दोन महिन्यांत ती निम्मी झाली होती. तबकात सुपारी, अक्षता, घरी केलेल्या करंज्या, सगळं दरवर्षीसारखं. पुरुषोत्तमांना खाली पाटावर बसता येत नव्हतं, म्हणून खुर्चीपुढे रांगोळीची दोन बोटं ओढली. डोक्यावर टोपी घालून ते बसले. अनुराधानं काडी ओढून निरांजन लावलं, आणि मला ते सहन झालं नाही.

“अनुराधा, ती गाठ तीन आठवड्यांची नव्हती.”

“मला माहीत आहे,” ती वर न बघता म्हणाली. “तीन आठवड्यांत एवढं होत नाही, वहिनी. दादांना जाणवली नसेल, पण एप्रिलमध्ये असणारच. माझ्यासमोर बसले होते. मी रोज त्या दिवसाची नोंद काढून वाचते. ब्लड प्रेशर एवढंच लिहिलंय मी. छाती बघू म्हटलं आणि सोडून दिलं. वीस वर्षं जीपी आहे मी. हात लावला असता तरी—”

“त्यांनी लावू दिला नसता. त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. फेब्रुवारीपासून.”

तिनं हातातली काडी खाली ठेवली. ती त्यांच्याकडे वळली.

“मग माझ्याकडे का नाही आलात?”

पुरुषोत्तम रांगोळीकडे बघत म्हणाले, “तू ओवाळतेस मला.”

“म्हणून?”

“तुझ्यासमोर उघडं बसायचं, आणि असलं बायकांचं दुखणं घेऊन... नाही जमलं, अनुराधा.”

“दुसऱ्याकडे जायचं होतं. कुणाकडेही जायचं.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं,” ती म्हणाली. “खूप वाटलं असतं. महिनाभर बोलले नसते तुमच्याशी.” मग तिचा आवाज फुटला. “मग बोलले असते ना, दादा!”

मी रडत होते. ती रडली नाही. तिनं तबक टेबलावर सरकवलं, हात एकमेकांवर घासून गरम केले.

“शर्ट काढा.”

“आत्ता?”

“आत्ताच. आधी बघते, मग ओवाळते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उजव्या हातानं वरचं बटण धरलं, पण एका हातानं ते निघेना. मी पुढे होऊन एकेक बटण काढलं, बनियन वर केलं. अनुराधानं व्रणावर हात ठेवला, काखेत बघितलं, मानेशी बघितलं, पाठीवर बोटं टेकवून लांब श्वास घ्यायला सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतला. टेबलावर निरांजन जळत होतं, त्याच्यामागेच घड्याळ होतं, म्हणून किती वेळ लागला ते मला कळलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.